पाव्हणी आली, म्हणून किल्ला पाहिला

शकूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बर्डीच्या चौकात भर उन्हात पत्रकं वाटत होते. 'आपलं शहर पाहण्याचा पहिला हक्क आपला!' असं त्यावर ठळक छापलं होतं. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही... महिना उलटला. भेटायला आलेला प्रत्येक जण 'फार सोशिक बाई' म्हणून गेला, त्याचा मी इथे जाहीर निषेध करते. ती सोशिक वगैरे अजिबात नव्हती. ती हट्टी होती, थापाडी होती आणि एका अत्यंत अन्यायी नियमाची कट्टर समर्थक होती. नियम असा की, पाव्हणा आल्याशिवाय आपलं गाव पाहायचं नाही.

आत्या ही माझ्या बाबांची थोरली बहीण. घरचे हातमाग बंद पडले तेव्हा तिनं बर्डीतल्या साडीच्या दुकानात फॉल-पिकोचं मशीन धरलं आणि जन्म तिथंच काढला. दुकानाच्या दारातून सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी दिसायची. किल्ला लष्कराच्या ताब्यात, सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट अशा वर्षातल्या मोजक्या दिवशीच लोकांसाठी उघडणारा. तिला तो एकदा आतून पाहायचा होता. काशी नको, रामेश्वर नको, समोरचा किल्ला! तोंडातला विडा संपायच्या आत पोहोचाल इतका जवळ.

"मग जा ना सरळ!" मी तडकायचे.

"एकटी बाई आपल्याच गावात पाहत फिरून राहिली तं लोक काय म्हणतीन वं? म्हणतीन, शकूचं घरी भांडण झालं."

"मी येते सोबत."

"तू घरची. घरच्या माणसासंगं दवाखान्यात जातात, नाही तं बँकेत."

म्हणून ती पाव्हणे बोलवायची. कुही गावाला तिचा चुलतभाऊ राहतो, बबनकाका. धानाचं रोवणं, म्हणजे भाताची लावणी, आटोपली की हिचा फोन ठरलेला, "ये ना गा बबन, पंधरा ऑगस्टले पोट्ट्यायले घेऊन ये." तो कुटुंबासकट यायचा. पण पाव्हण्याची मर्जी म्हणजे कायदा! काकाच्या पोरांना मेट्रोत बसायचं असायचं, काकूला धरमपेठेत खरेदी आणि खुद्द काकाला मॉलमधला सरकता जिना. "किल्ला काय पाहाचा शकू, आमच्याकडे काय गोटे कमी हायेत?" आणि आत्या हसत हसत सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत जिन्याच्या पायथ्याशी उभी. तिकडे किल्ला उघडायचा आणि बंदही व्हायचा. ही गुलामी आहे, असं मी घरी येऊन तिला सुनावायचे. ती ऐकून घ्यायची. "भाषण झालं असंन तं भाजी निवड."

या सव्वीस जानेवारीला मी संघर्षाचा मार्ग बदलला. आदल्या दिवशी बॅग भरून कुहीला गेले, बबनकाकाकडे मुक्काम केला, सकाळची पहिली गाडी धरली आणि आमच्याच घराची कडी वाजवली.

"कुहीहून आले," मी म्हणाले.

आत्यानं बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आता शिव्या बसणार... पण ती आत गेली आणि पाय धुवायला पाणी घेऊन आली. "या. गाडीत जागा भेटली का?" जन्मात पहिल्यांदा मला अहो-जाहो! चहा झाला, पोहे झाले. "मंग, काय पाहाचं म्हणता?"

"किल्ला."

"आता पाव्हण्याची मर्जी," असं म्हणत ती जरीकाठाची साडी काढायला उठलीसुद्धा.

पाव्हण्यासमोर यजमानाला 'माहीत नाही' म्हणता येत नाही. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा पाहत असलेला किल्ला आत्या मला दाखवत सुटली. एका कुलूपबंद खोलीपाशी थांबून म्हणाली, "हे राणीचं न्हाणीघर."

मला राहवेना. "आत्या, किल्ला इंग्रजांनी बांधला. इथे राणी कुठली?"

"इंग्रजायले राणी नव्हती?"

"होती, पण ती लंडनला..."

"मंग? कधी आलीच तं बिचारीनं न्हायचं कुठी?"

मागे एक कुटुंब जमलं होतं. त्यांना हे पटलं. त्यांनी कुलपाचा फोटो काढला! तिथल्या तरुण जवानानं कौतुकानं विचारलं, "माताजी, पहले भी आयी हैं?"

"हर साल आती हूँ," आत्या पापणी न लववता म्हणाली. "क्या करें, मेहमान मानतेइच नहीं."

तटावर मात्र ती दाखवायचं सोडून वाकून पाहू लागली. खाली बर्डी गजबजलेली. पाट्यांच्या त्या गर्दीत ती बराच वेळ काहीतरी शोधत राहिली.

"दुकान दिसत नाही वं," शेवटी म्हणाली. "मी या किल्ल्याले रोज पाहत होती. यानं मले एक डाव पाहिलं नसंन..." मग पदरानं चष्मा पुसला. "चाला, पाव्हण्याले भूक लागली असंन."

मागच्या आठवड्यात बबनकाकाचा फोन आला. तेरवीनंतर पहिल्यांदाच. रोवणं आटोपलं म्हणाला, मग नुसताच खाकरत राहिला.

"पंधरा ऑगस्टले यावं म्हणतो पोरी. मॉल नको आता. शकूनं फोनवर लय वर्णन केलं होतं किल्ल्याचं... तिथी राणीचं न्हाणीघर हाये म्हणे?"

छापील असो की तोंडी, लोकांना खोटं सांगायचं नाही, हे माझं तत्त्व आहे. त्यावर मी भांडणं केली आहेत, मैत्र्या तोडल्या आहेत.

"हाये ना काका," मी म्हणाले. "या तुम्ही सगळे. मी दाखवते."