तीन नंबरचं बटन

मी हिंगोलीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. वर्गात कुणी पोरानं दारावर लिंबू-मिरचीचा विषय काढला की त्याचा पाऊण तास मी खातो, हे माझ्या सगळ्या बॅचना माहीत आहे. तेव्हा खाली जे लिहितोय ते वाचून माझे जुने विद्यार्थी हसतील. हसू देत. मला सध्या त्याचं बरंवाईट काही वाटत नाही. खरं सांगायचं तर मागच्या काही महिन्यांत कशाचंच फारसं वाटत नाही.

गाडीपासून सुरुवात करतो. अडीच वर्षांपूर्वी मी एक जुनी एसयूव्ही घेतली. परदेशी कंपनीची, बारा वर्षं वापरलेली, नागपूरच्या एका व्यापाऱ्याची. नवी असताना जी गाडी माझ्यासारख्यानं फक्त लग्नाच्या हॉलबाहेर बघायची, ती मला नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळाली. काळा रंग, आत चामड्याच्या सीटा, छत उघडतं, दार लावलं की नुसतं ‘थप्प’. बायको म्हणाली, “हत्ती स्वस्तात मिळतो हो, चाऱ्याचं बघा.” बराबर होतं तिचं. पण कनेरगाव नाक्यावरच्या धाब्यावर पहिल्यांदा गाडी लावली तेव्हा मालक स्वतः उठून खुर्ची पुसायला लागला. मी मास्तर माणूस... मला आवडलं ते. खोटं कशाला बोलू.

पण गाडी मी त्यासाठी घेतली नव्हती. बाबांसाठी घेतली होती.

माझे बाबा सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. चौतीस वर्षं. साहेब मागं डावीकडं, बाबा पुढं उजवीकडं. साहेब बदलले, जीपा बदलल्या, बाबांची जागा बदलली नाही. आम्हाला त्यांनी त्या गाडीत कधी बसवलं नाही. मला गोवर निघाला होता तेव्हा जीप दारात उभी होती, आणि माय मला खांद्यावर टाकून शिरड शहापूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होती. “सरकारी गाडी आपल्या बापाची न्हाई,” एवढंच बाबा म्हणायचे. तेव्हाच मी मनात धरलं होतं, की एक दिवस ह्या माणसाला मागं डावीकडं बसवायचं, साहेबाच्या जागेवर, आणि गाडी मी चालवायची. बस्स, एवढीच इच्छा.

गाडी पहिल्यांदा गावाकडं, शिरडला नेली तो दिवस मला आठवतो. बाबा अंगणात आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, चारी टायरांना चपलेनं ठोकून बघितलं, खांद्यावरच्या रुमालानं बोनेटवरची धूळ पुसली. मग चालत पुढच्या उजव्या दारापाशी गेले आणि हँडलवर हात ठेवला.

“बाबा, तिकडं न्हाई,” मी म्हणालो. “इकडं. मागं.” आणि मी डावं मागचं दार उघडून उभा राहिलो, ते साहेबांसाठी उघडायचे तसं.

बाबा हसले. “मागं बसलं की मला मळमळतंय मास्तर. रस्ता दिसत न्हाई.”

“दोन मिनिटं तर बसा.”

“पुढच्या टायमाला,” असं म्हणून ते चहा सांगायला आत गेले.

हे असं दीड-दोन वर्षं चाललं. दरवेळी मी मागचं दार उघडायचो, दरवेळी त्यांचं काहीतरी निघायचं. कधी पाय धुतलेले नसायचे, कधी कुणी भेटायला येणार असायचं. मला वाटायचं संकोच आहे. जन्मभराची सवय, जाता जात नाही.

आता गाडीतल्या एका वस्तूबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ड्रायव्हरच्या दारावर आतून तीन बटनं आहेत. १, २, ३. आपण सीट मागंपुढं, वरखाली करायची, स्टेअरिंग आणि बाहेरचे आरसे आपल्या सोयीनं लावायचे, आणि ते एका नंबरवर साठवायचं. नंतर तो नंबर दाबला की सगळं आपोआप त्या जागी येतं. १ वर मी होतो, २ वर बायको. ३ रिकामं. ते दाबलं तर काहीच व्हायचं नाही. आणि ह्या गाडीत बॅटरी काढली की तिन्ही नंबर कोरे होतात. दोनदा बॅटरी काढली, दोन्हीदा मला सगळं नव्यानं लावावं लागलं. हे माझं स्वतःचं निरीक्षण आहे, ऐकीव नाही.

मागच्या वर्षी बाबा अखेर हो म्हणाले. मायनंच त्यांना समजावलं असावं. “रविवारी सिद्धेश्वरला जाऊ. धरण बघू. बसतो तुझ्या मागच्या सीटवर, मग तर झालं?” मी शनिवारीच गावी गेलो. रविवारी सकाळी बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, दाढी करून ओट्यावर तयार. आणि गाडी अंगणात म्हशीसारखी बसलेली. ह्या गाड्यांना स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या असतात. त्यातली एक रात्रीत गेली होती. टायर पार आत घुसलेला.

बाबा पोट धरून हसले. “साहेब आज उठायला तयार न्हाईत.”

मी हिंगोलीच्या मुख्तारभाईंना फोन लावला. मोठ्या गाड्यांची कामं तेच करतात. ते म्हणाले, “सर, स्टार्टच करू नका, हवेचा पंप जळंल. मी उचलून नेतो.” दुपारी त्यांनी गाडी ट्रकवर चढवून नेली. पिशवी दिल्लीहून यायची होती. आठ-दहा दिवस म्हणाले.

नवव्या दिवशी बाबा गेले.

सकाळी नऊच्या सुमारास छातीत कळ आली. शेजारच्या भास्करनं दवाखान्यात न्यायला पिकअप काढली. माय मागं हौद्यात बसली, बाबा पुढं, भास्करच्या बाजूला. औंढ्याच्या अलीकडंच संपलं सगळं. मी तेव्हा बारावीला प्रकाशाचं अपवर्तन शिकवत होतो. भास्कर मला नंतर म्हणाला, “काका शेवटपर्यंत मला सांगून राहिले होते, क्लच हळू सोड, क्लच हळू सोड.”

माझी गाडी असती तरी काही फरक पडला नसता. मी हिंगोलीत, गाडी हिंगोलीत, बाबा शिरडला. हे मी स्वतःला नीट समजावलंय. तरी ती पिशवी आणखी एक दिवस टिकली असती तर ते बसले असते, हे काही डोक्यातून जात नाही. मला रडू आलं नाही. लोक येऊन खांद्यावर हात ठेवायचे आणि मी त्यांना पाणी विचारायचो. मामा मायला हळूच म्हणाले, “पोरगं दगड झालंय.” मी ते ऐकलं, आणि मला वाटलं, असेल बुवा.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्तेजी आले, वंदना झाली, जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मुख्तारभाई गाडी घेऊन गावी आले, कारण मी रजेवर तिथंच होतो. ट्रकवर घालूनच आणली. गाडी अंगणात उतरवली तेव्हा तिच्यात बॅटरीच नव्हती. ती त्यांनी ट्रकच्या केबिनमध्ये वेगळी ठेवली होती. “अकरा दिवस बाहेरच होती सर, फुल चार्ज करून आणली,” म्हणाले, आणि माझ्यासमोर बसवली. हे मी मुद्दाम खुलाशानं लिहितोय. वाचणाऱ्यांत माझ्यासारखे असतील, त्यांनी इथंच नीट बघावं.

ट्रकला बाहेर निघायला जागा हवी होती. “जरा आगे लो सर,” मुख्तारभाई म्हणाले. मी बसलो. गाडी बंद केली की उतरायला सोपं जावं म्हणून सीट आपोआप मागं जाते, तशी ती पार मागं गेलेली. सवयीनं १ दाबलं. काही नाही. २ दाबलं. काही नाही. बॅटरी निघाली होती, तेव्हा कोरं असणारच. ३ का दाबलं, सांगता येत नाही. दोन दाबले म्हणून तिसरं दाबलं असेल.

सीट हलली.

आधी पुढं सरकली, मग वर उचलली. पाठ सरळ झाली, इतकी सरळ की कुणी शाळेच्या बाकावर बसवावं. स्टेअरिंग खाली येऊन माझ्या छातीपासून बरोबर एका वितीवर थांबलं. मी पाच फूट दहा इंच, माझे गुडघे वर चेपले गेले. असं बसून गाडी कोण चालवतं? मला एकच माणूस माहीत होता. जुन्या जीपांचं जड स्टेअरिंग छातीच्या जोरावर फिरवून ज्यांना तीच सवय लागली होती. “स्टेअरिंग न् छातीत एक वीत, जास्ती न्हाई,” हे मला त्यांनीच गाडी शिकवताना सांगितलं होतं.

मग डावा आरसा हलायला लागला. हळूहळू खाली... आणखी खाली... रस्ता दिसेनासा झाला, आणि आरशात फक्त मागचं डावं दार आणि त्याखालची जमीन उरली.

ह्या आरशाची एक गोष्ट आहे. नोकरीच्या सुरुवातीला एकदा बाबा एका साहेबांच्या आईला घरी सोडायला गेले होते. म्हातारी उतरली, दार लावलं, तिचा पदर दारात अडकला आणि बाबांनी गाडी काढली. दोन पावलं ओढली गेली ती. लागलं नाही फार, साहेबही काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून बाबांनी निवृत्त होईस्तोवर डावा आरसा खाली, मागच्या दाराकडं लावला. दुसरे ड्रायव्हर हसायचे. “रस्ता बघायला माझे डोळे हायत,” बाबा म्हणायचे. “दाराकडं कोन बघंल?”

मी तसाच बसून राहिलो. भीती वाटली नाही. अंगावर काटाबिटा काही नाही. फक्त हात स्टेअरिंगवर, आणि ते माझे नव्हतेच जणू.

“लो ना सर,” मुख्तारभाईंनी परत हाक दिली. मी गाडी सुरू केली, गिअर टाकला, ब्रेकवरून पाय उचलता उचलता डाव्या आरशात बघितलं.

आरशात, मागच्या दाराच्या फटीत, पांढरा पदर होता.

मी ब्रेक दाबला, गिअर काढला, गाडी बंद केली आणि खाली उतरलो. माय दारापाशी उभी होती. तिचा पदर दारात घट्ट अडकलेला आणि ती तो शांतपणे ओढत होती. मला वाटलं होतं ती घरात आहे; ट्रकच्या घरघरीत मागचं दार उघडल्या-लावल्याचं कळलंच नव्हतं.

“माय, तू काहून आलीस इथं?”

“रुमाल ठेवाया आले,” ती म्हणाली. मी दार उघडलं. मागच्या डाव्या सीटवर बाबांचा खांद्यावरचा रुमाल होता, नीट घडी घातलेला. “ते बसले न्हाईत. म्हनलं, रुमाल तरी बसंल. तू मला बघितलं आसशील आसं वाटलं.”

मी बघितलं नव्हतं. आरसा माझ्या रोजच्या जागी असता तर मला मागचं अंगण दिसलं असतं, बाकी काही नाही. एवढी वजनदार, जोरदार गाडी... पाय उचलला असता तर माय साहेबांच्या आईसारखी दोन पावलांवर सुटली नसती.

मुख्तारभाईंना मी विचारलं, सीटला कुणी हात लावला होता का. “बॅटरीच नव्हती सर. सीट हलंल कशी?” ते स्वतः सहा फूट उंच. वर्कशॉपात बाबांना ओळखणारं कुणी नाही.

मायची नजर आरशावर गेली.

“आरसा आसा कुनी केला?”

“आपोआप झाला.”

“हं,” ती म्हणाली. पदराचं फाटलेलं टोक बोटात गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “तू दर बारीला मागचं दार उघडून उभा राहायचास. ते तिकडं पुढच्या दाराकडं बघायचे. आतमधी येऊन मला म्हनायचे, लई नामी गाडी हाय गं, एकदा हातात घ्यावी वाटती. पन पोराची हौस हाय मला मागं बसवायची.”

“मला बोलले का न्हाईत कधी?”

“कसं बोलतील? जल्मात कुनाला गाडी मागितली न्हाई त्यांनी. तूच एकदा म्हनायचं होतंस, बाबा, चालवता का.”

चौतीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला मी दीड-दोन वर्षं गाडीत बसायचा आग्रह केला, आणि चावी एकदाही पुढं केली नाही. लायसन संपलं होतं, मोतीबिंदू होता, मान्य. पण अंगणातून विहारापर्यंत दोनशे पावलं रस्ता आहे. तेवढा तर देता आला असता. मी तिथं उभा होतो आणि मला कळत होतं की आता रडायला पाहिजे. आलं नाही. मी मुख्तारभाईंना म्हणालो, थांबा, गाडी काढतो, आणि त्याच अवघड सीटवर बसून, गुडघे चेपून, गाडी बाजूला घेतली.

खुलासा मी शोधला. आतल्या कंट्रोल युनिटमध्ये जुन्या मालकाचं काहीतरी शिल्लक राहिलं असेल, असं एका जाणकारानं सांगितलं. असू शकतं. पण मग आधी दोनदा बॅटरी काढली तेव्हा ३ दाबून काहीच का झालं नाही? आणि नागपूरच्या कुठल्या मालकानं आरसा मागच्या दाराकडं लावून ठेवला होता? माझ्या विषयात ह्याला बसवायला जागा नाही, एवढंच मी म्हणू शकतो.

त्या दिवसानंतर मी ३ पुष्कळदा दाबलं. दरवेळी सीट पुढं यायची, आरसा खाली जायचा. मग मी १ वर परत यायचो. रविवारी माय मागं बसते, रुमालाच्या बाजूला.

मागच्या आठवड्यात ती बॅटरी पार गेली. मुख्तारभाईंनी नवी टाकली. मी १ वर माझं लावून घेतलं, २ वर बायकोचं. ३ अजून दाबलेलं नाही. एक सेकंदाचं काम आहे. दाबलं की कळेल ते आहेत की पुसले गेले, आणि मी वर्गात पोरांना हेच तर शिकवतो, शंका असेल तर करून बघा. बोट दोनदा बटनापर्यंत गेलं आणि दोन्हीदा मी ते परत घेतलं. डावा आरसा मात्र हातानं खाली करून ठेवलाय, मागच्या दाराकडं. आणि हल्ली गाडी गावच्या अंगणात लावली की चावी काढत नाही. माय म्हणते, राहू दे तशीच.