हात पडेल तिथे बटण

…तर दिव्याच्या बटणासाठी भिंतीवर पेन्सिलीची खूण झाली आणि घरमालकीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, इतक्या खाली? येणारे-जाणारे हसतील की!" काल आपण इथेच थांबलो होतो. पुढे काय झालं ते ऐका.

खूण करणाऱ्या पेन्सिलवाल्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "ताई, ही खोली येणाऱ्या-जाणाऱ्यांची आहे का?"

"नाही, सासूबाईंची आहे."

"मग त्यांनाच बोलवा."

सासूबाई आल्या. पाठीत वाकलेल्या, एक हात भिंतीला. पेन्सिलवाले म्हणाले, "आजी, डोळे मिटा. समजा काळोख आहे आणि दिवा लावायचाय. टाका हात." आजींनी हात टाकला, तो खुणेच्याही चार बोटं खाली पडला. पेन्सिलवाल्यांनी अंगठ्याने पहिली खूण पुसली, नवी काढली आणि म्हणाले, "बघा, मीसुद्धा उंचच धरलं होतं."

असा हा वायरमन. चाळीस वर्षं शिडी, टेस्टर आणि कानावर लाल पेन्सिल. खरं नाव वीज कंपनीच्या परवान्यावर होतं, तिथेच राहिलं. सगळा गाव त्यांना पेन्सिलवाले म्हणायचा. त्यांची एक रीत होती. घर राजाचं असो की रंकाचं, त्या खोलीत जो राहणार त्याचा हात डोळे मिटून भिंतीवर टाकवल्याशिवाय ते ड्रिल लावत नसत. कंत्राटदार वैतागायचे. सगळीकडे एका मापात बोर्ड बसवले तर काम निम्म्या वेळात होतं, हे काय खूळ? पेन्सिलवाले शांतपणे सांगायचे, "अंधारात डोळे उपयोगाचे नाहीत. हात जातो. मग हातालाच विचारायला नको का?"

ही रीत सुरू झाली त्यांच्या स्वतःच्या घरापासून. लग्न नुकतंच झालेलं, दोन खोल्या घेतलेल्या, भिंतींना ओला चुना. पेन्सिलवाल्यांनी नव्या नवरीला भिंतीसमोर उभं केलं. "डोळे मीट आणि हात टाक." तिने डोळे घट्ट मिटले आणि हात नेमका यांच्या नाकावर टाकला. "इथे बसवा बटण," ती म्हणाली, "म्हणजे दाबलं की गप्प बसाल." खरं तर गप्प बसण्याचा प्रश्न त्या घरात कोणाचा होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ती बालवाडीत शिकवायची. बोलण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. "अहो!" अशी तिची हाक कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायची आणि तिथे उभे असलेले पेन्सिलवाले वळायच्या आत दुकानदारच म्हणायचा, "जा, बोलावणं आलं."

त्या दिवशी हसणं संपल्यावर तिने पुन्हा हात टाकला, उजवा, आणि पाच ठिकाणी खुणा झाल्या. त्या पाच जागी पाच बोर्ड पस्तीस वर्षं होते. बटणांचा पांढरा रंग तिच्या बोटांनी पिवळट झाला होता.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. सकाळी केस विंचरता विंचरता फणी हातातून पडली आणि उजवं अंग गेलं. वाचाही गेली. राहिला एक "अं". कधी वर चढणारा, कधी खाली येणारा. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त बाहेर येत नाही. पुढे ती काठीवर चार पावलं टाकू लागली, एरवी चाकांची खुर्ची.

लेक परगावी, नोकरी करणारी. ती आली, पंधरा दिवस राहिली आणि जाताना स्पष्ट बोलली. "बाबा, तुम्ही दिवसभर लोकांच्या शिड्यांवर. आई घरात एकटी. तिला साधा दिवासुद्धा लावता येत नाही. मी घेऊन जाते तिला."

"घर सोडून?"

"मग तुम्ही काम सोडा."

ते पेन्सिलवाल्यांना परवडणारं नव्हतं आणि लेकीलाही ते माहीत होतं. ते एवढंच म्हणाले, "महिनाभर दे मला."

"महिना झाला की त्या रविवारी गाडी घेऊन येते. त्या दिवशी आई एकटी दिवसभर नीट राहू शकते असं दिसलं तर ठीक. नाही तर बॅग भरायची."

या सगळ्यात जिला न्यायचं की ठेवायचं, तिला कोणी विचारलं नव्हतं. ती खुर्चीत बसून दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती.

लेकीने आधी एक खोका पाठवला. त्यात गोल, करड्या रंगाचा स्पीकर. फोनवर म्हणाली, "बाबा, हा स्मार्ट आहे. आईने नुसतं बोलायचं, दिवा लाव, पंखा लाव. हलायलाच नको." पेन्सिलवाल्यांनी तो जोडला. स्पीकर गोड आवाजात म्हणाला, "मी तयार आहे. बोला." तिने त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. स्पीकर पुन्हा म्हणाला, "मला ऐकू आलं नाही. पुन्हा बोला." पेन्सिलवाल्यांनी त्याची वायर उपटली आणि तो कपाटात टाकला. फोनवर लेकीला हे सांगितलं. ती रडत म्हणाली, "माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

पेन्सिलवाले कामाला लागले. असली यंत्रं त्यांनी इतरांकडे डझनाने बसवली होती आणि बसवताना थट्टाही केली होती, आळशांची खेळणी म्हणून. आता तीच खेळणी त्यांनी स्वतःच्या घरी आणली. छताला सेन्सर लावले. माणूस खोलीत आला की दिवा आपोआप लागतो, पाच मिनिटं हालचाल दिसली नाही की आपोआप विझतो. उकाडा वाढला की पंखा स्वतः फिरतो. पाणी तापवायच्या किटलीला स्मार्ट प्लग, ठरल्या वेळी चालू, ठरल्या वेळी बंद. दाराला कॅमेरा. कोणी बेल वाजवली की शिडीवर असले तरी फोनमध्ये त्याचा चेहरा दिसायचा. जुनी बटणं कोणी चुकून बंद केली तर सेन्सरला वीज मिळणार नाही, म्हणून पाचही बोर्ड चालू ठेवून त्यांच्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी मारली. काम चोख. हात झाडत म्हणाले, "बघ, आता तुला बोटसुद्धा उचलायला नको."

ती चिकटपट्टीकडे बघत राहिली.

चार दिवसांनी ते संध्याकाळी घरी आले तर घरात काळोख. ती खिडकीजवळ खुर्चीत बसलेली. ते आत आले तसा दिवा झक्कन लागला. सेन्सर बिघडला असणार, पेन्सिलवाल्यांनी ठरवलं. उतरवला, फुंकर मारली, तपासला. ठणठणीत. तरी नवा लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळोख. जागा बदलली. पुन्हा काळोख. होल्डर बदलला, वायर बदलली, राउटर खिडकीतून कपाटावर नेला. पुन्हा काळोख. चाळीस वर्षांत एका दिव्याने त्यांना असं हैराण केलं नव्हतं. शेजारी इस्त्रीचं काम करणाऱ्या वहिनी दुपारी एकदा डोकावून जायच्या. त्या म्हणाल्या, "भावजी, मी आले की दिवा लागतो. मी गेले की जरा वेळाने परत अंधार. दुसऱ्यांच्या घरात लख्ख उजेड करता आणि ताई बिचाऱ्या अंधारात!"

हे बोलणं लेकीच्या कानावर गेलं. तिचा फोन आला, आवाज चढलेला. "अंधारात बसवून ठेवलंत तिला? रविवारी येतेय मी. बॅग भरून ठेवा."

शनिवारी पेन्सिलवाल्यांनी कामाला दांडी मारली. संध्याकाळ व्हायच्या आधीच स्वयंपाकघराच्या दाराशी, सेन्सरच्या टप्प्याबाहेर, स्टूल टाकून बसले. नजर छतावर. बघू तरी कसा विझतो. बाहेर उजेड कमी झाला. ती डाव्या हाताने खुर्चीचं चाक ढकलत आली, दिवा लागला. एक मिनिट. दोन मिनिटं. छतावरच्या सेन्सरचा लाल ठिपका बघून बघून त्यांची मान दुखली, म्हणून त्यांनी ती खाली केली आणि बायकोकडे पाहिलं.

ती दगडासारखी बसली होती. मान ताठ, डावा हात मांडीवर घट्ट दाबलेला. नाकावर माशी बसली तरी हात उचलला नाही. पापण्यासुद्धा जपून हलवत होती. पाच मिनिटं झाली आणि दिवा विझला. खिडकीतून येणाऱ्या अंधुक उजेडात पेन्सिलवाल्यांना दिसलं, तिच्या ओठांची डावी बाजू थोडी वर गेली होती. हसत होती ती. महिन्याभरात पहिल्यांदा.

स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी सगळा महिना पुन्हा आठवला. त्या घरात सगळं आपोआप होत होतं. तिच्या हातात एकच गोष्ट उरली होती, अजिबात न हलणं. न हलता तिला दिवा विझवता यायचा. तेवढंच एक काम ती रोज करत होती, आणि हे मात्र सेन्सर बदलत बसले होते.

ते उठून तिच्यासमोर आले. दिवा लागला. तिने चिडून "अं!" केलं आणि डाव्या हाताने भिंतीवरच्या काळ्या चिकटपट्टीकडे बोट दाखवलं.

"चुकलो गं," पेन्सिलवाले म्हणाले. "सगळ्या गावाला विचारलं. तुला विचारलं नाही."

त्यांनी भिंतीवरची चिकटपट्टी सोलून काढली. मग कानावरची पेन्सिल हातात घेतली, खुर्ची भिंतीशी लावली आणि तिच्याजवळ गुडघे टेकून बसले. "डोळे मीट. डावा हात टाक."

तिने डोळे मिटले. हात हवेत फिरला आणि येऊन यांच्या नाकावर पडला.

पेन्सिलवाले तसेच राहिले. तिने नाक एकदा दाबलं, दोनदा दाबलं. मग हात उचलून भिंतीवर टाकला. जुन्या बोर्डापासून वीतभर खाली, डावीकडे. डोळे पुसता पुसता त्यांना खूण नीट दिसेना, ती वाकडीच झाली.

त्यांच्या पिशवीत बिनतारी बटणं होती, बिस्किटाएवढी. वायर नाही, भिंत फोडायची नाही, मागचा कागद काढला की चिकटतं आणि हवं तिथून दिवा लावतं, विझवतं. तिथला सेन्सर बंद करून खुणेवर पहिलं बटण चिकटवलं. तिने दाबलं, दिवा गेला. दाबलं, आला. अकरा वेळा लावला-विझवला, आणि ते बाजूला बसून एखादं गाणं ऐकावं तसं ऐकत राहिले. मग एकेक खोली. कुठे काय हवं ते तिने बोटाने दाखवायचं. पंख्याचं बटण पलंगाच्या कडेला. किटलीचं ओट्याच्या खालच्या फळीवर. सेन्सर सगळे उतरले, न्हाणीघरातला एक सोडून. तो उतरवायला गेले तर ती जोरात "अं" म्हणाली. तिथे काठी धरलेली असते, हात मोकळा नसतो. तो तिने ठेवून घेतला. दाराचा कॅमेराही ठेवला, पण त्याचं चित्र आता तिच्या उशाशी ठेवलेल्या जुन्या फोनवरही यायला लागलं. कोण आलंय ते घरात असणाऱ्याने आधी बघायचं, शिडीवर असणाऱ्याने नंतर.

राहिला कपाटातला स्पीकर. तो घेऊन पेन्सिलवाले इस्त्रीवाल्या वहिनींकडे गेले. मधली भिंत एकच, त्यामुळे वायफाय तिकडेही पोचत होतं. खुर्चीच्या हातावर एक लाल बटण लावलं. ते दाबलं की शेजारी इस्त्रीच्या टेबलावर स्पीकर बोलायचा, "वहिनी, जरा येता का?" पहिल्यांदा बोलला तेव्हा वहिनी दचकून, हातातली इस्त्री उभी करून, त्यालाच म्हणाल्या, "आले, आले!" आणि मग स्वतःवरच हसत सुटल्या.

रविवारी लेक आली. बॅग भरलेली नाही हे बघून तिचं कपाळ आठ्यांनी भरलं. ती आईसमोर बसली. "आई, चल ना माझ्याकडे. इथे तुझं कसं होणार?"

आई तिच्याकडे प्रेमाने बघत राहिली. मग डावा हात उचलून तिने खुर्चीवरचं लाल बटण दाबलं. भिंतीपलीकडून आवाज आला, "आले, आले!" आणि वहिनी दारात हजर. "काय हो ताई?" ताईंनी रिकाम्या बॅगेकडे बोट दाखवलं, मग कपाटाच्या वरच्या कप्प्याकडे. वहिनींनी लेकीकडे पाहिलं, पेन्सिलवाल्यांकडे पाहिलं आणि बॅग उचलून वरच्या कप्प्यात ठेवून दिली. "आणखी काही?" ताईंनी मान हलवली. नाही.

लेक आधी हसली, मग आईच्या मांडीत डोकं ठेवून रडली. दिवसभर ती नुसती बघत होती, आई कुठे कशी जाते, काय कशाने लावते. एकदा सवयीने दिवा लावायला उठली तर आईने "अं" करून तिला खाली बसवलं आणि स्वतः लावला. संध्याकाळी निघताना लेकीने चप्पल घालता घालता विचारलं, "बाबा, मलाही घरी असलं काही घ्यायचंय. एवढ्या लोकांकडे बसवलंत तुम्ही. खरं सांगा, या सगळ्यात कामाचं कोणतं?"

पेन्सिलवाल्यांनी आत वळून पाहिलं. खिडकीजवळ ती बसली होती, हात खुणेपाशी. पेन्सिल कानावर सरकवत ते म्हणाले, "तुझ्या आईला स्वतःच्या हाताने बंद करता येतं ते."