लालासाहेबांच्या कॅमेऱ्यातली बाई

लालासाहेबांच्या कॅमेऱ्यात पाखरं नाहीतच, बाई आहे, अशी कुजबुज उंब्रजात होती. फौजेतून सुभेदार होऊन आलेला हा गडी रोज सकाळी पाखरांचे फोटो काढायला म्हणून कॅमेरा घेऊन कृष्णाकाठी जायचा आणि फोटो मात्र कुणाला दाखवायचा नाही. मग लोकांनी तरी काय बोलावं?

बोलणं लालासाहेबांच्या बायकोच्या, बनुबाईंच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसल्या.

"मला बी दावा की तुमचं पाखरू."

"चल. पर तितं गप ऱ्हायचं."

"आवं, आदी बगू तर द्या, पिसं हायती का लुगडं."

नदीवर धुकं होतं. वाळक्या बाभळीवरून कैकर उठला. मासे धरणारा हा शिकारी पक्षी पाण्यावर जागच्या जागी फडफडत थांबला, मग पाय पुढं करून असा कोसळला की नदी फुटल्यासारखी वाटली. वर आला तो तडफडता मासा नख्यांत घेऊन. बनुबाईंचा पदर खांद्यावर घसरला, त्यांना कळलंही नाही.

मग त्या म्हणाल्या, "ह्याचा फोटो कुटं हाय?"

"न्हाई गं. त्यो पडला की माजा हातच हालत न्हाई."

त्या सकाळी मात्र हात हलला होता. कॅमेऱ्यात एकच फोटो आहे, आणि तो बाईचाच आहे: आभाळाकडं बघणाऱ्या बनुबाईंचा.