डाव्या बोल्टची रायफल

डिसेंबरातला एक शुक्रवार, सकाळ. ठिकाण: वाळवंटाच्या कडेचं नेमबाजीचं मैदान. हजर: मी, आमचे कुवेती मॅनेजर, ज्यांना सगळं ऑफिस बू नासर म्हणतं, माझ्या हाताखालची रेवती, आणि हिशेब विभागातले थॉमस, जे फक्त नाश्त्यासाठी आले होते.

त्या सकाळचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही रेवतीला ओळखत नाही. समजुतीने मान हलवत ऐकणार असाल, तर कृपा करून तसं करू नका. मला ते खपत नाही.

कुवेतमध्ये, मीना अब्दुल्लातल्या एका कंत्राटदार कंपनीत मी खरेदी बघते. व्हॉल्व्ह, पाइप, गॅस्केट. कॉलेजात एनसीसीमध्ये नेमबाजी केली होती, म्हणून बू नासरनी दोन रायफली निवडायचं काम माझ्यावर टाकलं. लायसन्स त्यांचं, पैसे त्यांचे. एक त्यांना हिवाळ्यात परदेशात सशांच्या शिकारीला, दुसरी कंपनीच्या महिला संघाला निशाण्याच्या सरावाला. संघ म्हणजे दोघीजणी. मी आणि रेवती.

अशी कामं मला आवडतात. दोन्ही पॉइंट टू टू बोल्ट अ‍ॅक्शन हव्यात, हे पहिल्यांदाच ठरवलं. झटका कमी, गोळी स्वस्त, आणि गोळी भरायचा बोल्ट प्रत्येक वेळी हाताने ओढायचा असल्याने माणूस उगाच धडाधड उडवत बसत नाही. शिकारीची हलकी, कारण ती खांद्यावर घेऊन चालायचं. निशाण्याची जड नळीची, कारण जड बंदूक हलत नाही. दस्त्याची लांबी हाताच्या मापाने, ट्रिगर हलका पण सैल नाही. चुकीचं काय आहे यात? काहीच नाही. हे सगळं आजही मी असंच करीन.

आता रेवती. लातूरची, माझ्याहून बरीच लहान. रोज उशिरा यायची, माझ्या फायलींवर चहाचा मग ठेवायची, आणि तरी सगळे तिच्यावर खूश. बंदूक निवडायच्या आधी दोघींचा हात बघावा म्हणून त्या शुक्रवारी आम्ही मैदानावर गेलो. भाड्याच्या तीन रायफली मी ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीबद्दल टिपून घेऊ लागले. तर ही सगळ्यांसमोर म्हणाली, “ताई, बंदुकीचंबी कोटेशन मागवता का? तिला म्हणा, तीन दिवसांत डिलिव्हरी दे.” थॉमसना मराठी कळतं; बू नासरना त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. दोघं पोट धरून हसले. मीही हसले. हसावंच लागतं ना?

मग ती नेम धरायला पालथी झोपली आणि रायफल डाव्या खांद्याला लावली. ही बाई उजव्या हाताने लिहिते, उजव्या हाताने पोळ्या लाटते. बोल्ट उजवीकडे, त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर हात वरून वळवून ओढत होती, बघवत नव्हतं. पण निशाण्याचा कागद जवळ आणला तेव्हा पाचही भोकं शंभर फिल्सच्या नाण्याखाली झाकली असती. आयुष्यात पहिल्यांदा बंदूक धरलेल्या बाईची. माझा कागद? राहू द्या. एका ताटलीखाली झाकला असता, इतकंच सांगते.

इथवर मी काही केलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कुणावर ढकलता येणार नाही.

नेमबाजाचा एक डोळा मालक असतो, आणि बंदूक त्याच बाजूच्या खांद्याला लावायची असते. तो कुठला, हे तपासायची साधी रीत आहे. दोन्ही हात लांब करून पंजे जुळवायचे, मधे छोटी फट ठेवायची आणि समोरच्या माणसाच्या नाकाकडे त्या फटीतून बघायचं. समोरच्याला फटीत ज्या डोळ्याचं बुबुळ दिसतं, तो डोळा मालक. मी रेवतीसमोर उभी राहिले. तिने हात जुळवले. फटीत तिचा डोळा दिसला. काजळ लावलेला, हसरा.

डावा.

“कोणता हो ताई?”

“उजवा,” मी म्हटलं.

“मंजे मी उलटीच झोपले होते?”

“हो. नवशिक्याचं नशीब होतं. आता उजव्या खांद्याने मार, दोन्ही डोळे उघडे ठेवून.”

घसरलं नाही ते तोंडातून — अजिबात नाही. शब्द बाहेर पडायच्या आधी तिचा पुढचा हिवाळा मला स्वच्छ दिसला. आणि मला बरं वाटलं.

आठवड्याने बू नासरनी फोन करून विचारलं, “वो लडकी लेफ्ट है ना? दुकान में लेफ्ट बोल्ट भी है. मंगाऊं?” तेव्हा तरी परत फिरता आलं असतं. मी म्हटलं, “टेस्ट किया है. राइट.” खलास. माझ्या शब्दावर कंपनीत शंका घेत नाहीत. तो मान मी वर्षानुवर्षं नीट काम करून मिळवला आहे, आणि तो मी असा वापरला.

पुढे जे व्हायचं ते झालं. उजव्या खांद्याला बंदूक, मालक डोळा डावा. तिच्या गोळ्या कागदाच्या डाव्या कडेला, कधी कागदाबाहेर. तिने फहाहीलमध्ये जाऊन डोळे तपासून घेतले, चष्मा बदलला, चहा सोडला, हात थरथरत असतील म्हणून औषधं घेतली. “जमंना झालंय ताई, माझ्यातच खोट हाय,” असं म्हणायची. मी तिला श्वास कसा धरायचा ते शिकवत राहिले. कंपन्यांच्या स्पर्धेत एकच जागा होती. मी गेले. मधल्या फळीत कुठेतरी आले. ती मला निरोप द्यायला थेपले घेऊन आली होती.

त्यानंतर तिने बंदूक हातात घेतली नाही. नेटवर शोधलं असतं तर एका दुपारी सगळं कळलं असतं. तिने शोधलं नाही, कारण तिने मला विचारलं होतं.

ती मला तेव्हा आवडत नव्हती. आजही आवडत नाही. तिचा आवाजी मेसेज आला की माझ्या कपाळावर आठी पडते. कबुली देणाऱ्याचं मन निवळतं म्हणतात — माझं निवळलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ती कुटुंबासह लातूरला परतली. परवा मेसेज आला. तिच्या मुलीला शाळेच्या नेमबाजी संघात घेतलंय, सर म्हणतात स्वतःची रायफल घ्या. “ताई, ते डोळ्याचं तुम्ही माझं बघितलं होतं ना, ते कसं करायचं तेवढं लिहून धाडा. मी आधी आरशात करून बघते, मग लेकीचं. दुसऱ्या कुणाला विचारत बसत नाही.”

आरशात करून बघते.

खरी रीत लिहिली तर पहिल्याच खेपेला तिला स्वतःचा डावा डोळा दिसेल. खोटी लिहिली तर लेकीच्या खांद्याला चुकीची बंदूक लागेल. तिसरं काही मला सुचलेलं नाही, आणि मला सहसा तिसरं सुचतं.

मेसेज मी उघडला, हे तिला निळ्या खुणांवरून कळलं असेल. उत्तर लिहायचं राहिलं आहे.