लहान खुर्चीतली मावशी

मावशी परीक्षेच्या पाठात झोपली, असं गल्लीभर झालं होतं. लाँड्रीवाल्याकडे बातमी साधी होती: डुलकी लागली. किराणा दुकानापर्यंत पोचेस्तोवर मावशी घोरायला लागली. आणि जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंनी स्वतः तिथे हजर असल्यासारखा आवाज खाली आणून सांगितलं, "परीक्षकांनी हलवून उठवलं म्हणे. पोरं अंगाई म्हणत होती."

सगळं खोटं. झोपायला मिळालं असतं तर मावशीने त्या परीक्षकांना हात जोडले असते. ती झोपली नव्हती, बसली होती. ते जास्त वाईट होतं.

मावशी ही आधी भाचीची, म्हणजे हे लिहिणाऱ्या मुलीची, आणि मग अख्ख्या पाळणाघराची. तिथे नाक पुसते, चड्ड्या बदलते, उलटी निपटते ती मावशी. समोर उभी राहून शिकवते ती बाई. मावशीने इतकी वर्षं इतकी नाकं पुसली की रस्त्यात परका माणूस शिंकला तरी तिचा हात रुमालाकडे जायचा. बालवर्गाच्या बाई वर्षाअखेर निवृत्त होणार होत्या. पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी शब्द दिला होता, की प्रशिक्षण पुरं कर, वर्ग तुझा. नाही जमलं तर बाहेरून कुणाला तरी आणावं लागेल, आणि मावशी मावशीच राहील, तीही कंबर साथ देईल तोवर. कंबर आधीच कुरकुरायला लागली होती.

म्हणून चाळिशी उलटल्यावर मावशी कॉलेजात गेली. सकाळी पाळणाघर, दुपारी कॉलेज, संध्याकाळी घरचा ओटा. वर्गातल्या बाकी मुली तिच्या निम्म्या वयाच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला काकू करून टाकलं.

त्या कॉलेजात एक पद्धत होती. खऱ्या मुलांपुढे उभं राहण्याआधी सगळ्यांनी एकमेकींवर पाठ घ्यायचे. एकजण बाई व्हायची आणि बाकीच्या बालवर्गातली मुलं. मोठमोठ्या मुली गुडघे हनुवटीला लावून चिमुकल्या खुर्च्यांत बसायच्या आणि बोबडं बोलायच्या. मागे पाठ तपासणाऱ्या बाई. त्यांचं प्रत्येक वाक्य 'हो की नाही?' वर संपायचं आणि उत्तराची त्या कधी वाट पाहायच्या नाहीत. "बाईला पाठ नसते, हो की नाही? फळ्याकडे वळलात की पोर खिडकीत, हो की नाही?" भाचीने ही नक्कल घरी इतकी घोटली होती की मावशी भाकरी थापता थापता दचकून मागे बघायची.

तर मूल व्हायला सगळ्यांना मावशीच हवी असायची. इतर मुली मूल झाल्या की खिदळायच्या, चिमटे काढायच्या. मावशी हाताची घडी, तोंडावर बोट, विचारलं की बरोबर उत्तर. तिच्यामुळे कुणाचाही पाठ लोण्यासारखा जायचा. "काकू, आज माझ्या वर्गात या ना," म्हणून मुली तिला आदल्या दिवशीच पटवून ठेवायच्या. मावशी हसून हो म्हणायची. खरं कारण तिने फक्त भाचीला सांगितलं होतं. सकाळपासून तिला टेकायला मिळायचं ते त्या खुर्चीत. बूड मावायचं नाही, पाय मुडपून दुखायचे, पण ते बसणं होतं. स्वतःची पाळी आली की ती दुसरीला देऊन टाकायची. मूल होण्यात तिचा हात धरणारं कुणी उरलं नाही. बाई ती जेमतेम झाली होती.

परीक्षेचा पाठ खऱ्या शाळेत होता, खऱ्या मुलांचा. विषय जड आणि हलकं. मावशीने पिशवीतून दगड काढला, कापूस काढला, मुलांच्या हातांत दिला. मुलं भोवती गोळा झाली, दगडाला 'आई गं' म्हणाली, कापूस फुंकून उडवला. परीक्षक मागे बसून मान डोलावत होते. सगळं छान चाललं होतं. मग मावशी म्हणाली, "चला, आता सगळ्यांनी आपापल्या जागेवर बसायचं."

आणि सगळे बसले. मावशीही.

पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, त्या दिवशी न आलेल्या मुलाची. मावशी सरळ जाऊन तिच्यात बसली. हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि फळ्याकडे बघू लागली. मुलंही बघू लागली. परीक्षक बघू लागले. फळ्यापुढे कुणीच नव्हतं. ती शांतता मावशीला इतकी बरी वाटली, की आता बाई येतील आणि सुरू करतील, अशी ती खरोखरच वाट पाहत राहिली. शेवटी शेजारच्या मुलीने तिचा दंड हलवला आणि हळूच सांगितलं, "बाई, बाई तुम्हीच आहात."

मावशी उठायला गेली तर खुर्ची सोबत उठली. ती सोडवून, गुडघे सरळ करून फळ्यापर्यंत पोचेस्तोवर वेळ संपला. परीक्षक वाईट नव्हते. अमुक दिवसांनी पुन्हा एकदा पाठ घ्या, म्हणाले. पण तो शेवटचा.

घरी येऊन मावशी जमिनीवर आडवी झाली आणि छताला म्हणाली, की जाऊ दे, मावशी म्हणूनच बरं आहे. भाचीने तिला हसवायला परीक्षकांची नक्कल केली. मावशी हसली नाही. मग भाचीला राग आला, आणि रागात तीही गल्लीसारखीच टोचून बोलली.

"पैज लाव. परत गेलीस तर परत बसशील."

मावशीने मान वळवली. "काय लावतेस?"

"हरले तर महिनाभर तुझे पाय चेपीन. आणि मी जिंकले तर तुझी नक्कल सगळ्यांसमोर, तुझ्याच पाळणाघरात."

"लाव."

दुसऱ्या दिवशी मुली नेहमीसारख्या आल्या, की काकू, आज माझ्या वर्गात. मावशी नाही म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. ती म्हणाली, आता तुम्ही बसायचं, मी उभी राहणार, आणि शहाणी मुलं मला नकोत. एकदोघींनी तोंडं वाकडी केली. तपासणाऱ्या बाईंनी मात्र 'बरोबर, हो की नाही?' म्हणून सगळ्यांना खुर्च्यांत कोंबलं. मग रोज कुणी रडायचं, कुणी खडू खायचं, कुणी टेबलाखाली जायचं, आणि मावशी पोटऱ्या सुजवून त्यांच्यापुढे उभी राहायची. तिला ते आवडत नव्हतं. घरी आली की चप्पल काढायलासुद्धा वाकवायचं नाही.

दुसऱ्या पाठातही खुर्ची होतीच, त्याच रांगेत, रिकामी. मावशीने ती पाहिली. 'आपापल्या जागेवर बसा' म्हणाली, आणि तिची जागा जिथे होती तिथे, फळ्यापुढे, उभी राहिली. एका मुलाने दगड दुसऱ्याच्या पायावर टाकला, तेव्हा तिने त्याचं रडं थांबवलं, कापूस पुन्हा गोळा केला. शेवटपर्यंत उभी होती.

घरी आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं बघून भाची मनातल्या मनात पाळणाघरातली नक्कल जुळवायला लागली होती.

"काय झालं?"

"पास," मावशी म्हणाली. "सोमवारपासून बालवर्ग माझा. म्हणजे आता रोजच उभं राहायचं." ती भिंतीला टेकून खाली सरकली आणि दोन्ही पाय लांब केले. "उजव्यापासून सुरू कर. तो जास्त दुखतोय."