खोटारड्या शेजाऱ्यांची साक्ष

घराच्या कर्जासाठी बँकेचा माणूस चौकशीला येणार, म्हणून गुलमंडीतलं माझं शिलाईचं दुकान मी सकाळपासून तीनदा झाडलं.

तो आला तो हेल्मेट काखेत आणि पेनाचं टोपण दातात धरून. पाटीचा फोटो काढला, टांगलेल्या ब्लाउजांवरच्या गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. मग सावकाश म्हणाला, "ताई, शेजारी तर म्हणतात, अशी कुणी बाई इथं नाय."

मी उडालेच! बाहेर चहावाले चाचा आणि बांगडीवाली मावशी मान खाली घालून उभे. वसुलीवाला आला समजून दोघांनी मला लपवलं होतं! यांच्या मायेपायी माझं घर जाणार!

"साहेब, आता काय लिहिणार?"

त्यानं टोपण दातातून काढलं. "लिहिलं की, शेजारी चांगलं ओळखतात. अनोळखी बाईसाठी कोण एवढं खोटं बोलतंय?"

बाहेरून चाचा ओरडले, "लिखो साब, बारा साल से इधरीच है!"

कर्ज मंजूर झालं. त्याचं नाव तेवढं विचारायचं राहिलं. नाहीतर वास्तुशांतीच्या पंगतीत त्या दोन खोटारड्यांच्या मधोमध मी त्यालाच बसवलं असतं.