आल्गोटने रंग न लावलेलं झाड

आल्गोट नीबर्गला गुरुवार आवडायचा, कारण गुरुवारी हुल्डा वेलदोडा घातलेला पाव भाजायची. पण त्रेसष्ट सालच्या जूनमधल्या त्या गुरुवारी त्याला पाव नको होता, कॉफी नको होती आणि रोपवाटिकेत तर मुळीच जायचं नव्हतं. बशीत ओतलेल्या कॉफीकडे तो नुसता बघत बसला होता. दातांत धरलेला साखरेचा खडा केव्हाच विरघळून गेला होता.

"पी की ती! नाहीतर मांजरीला तरी घाल," हुल्डा म्हणाली.

"मी येत नाही. तू जा आणि बघून ये."

"मी? झाड तुझं, भानगड तुझी, पत्र तुझ्या नावाचं, आणि मी जाऊ? ऊठ, शर्ट बदल."

आता ही भानगड काय ते सांगायलाच हवं. आल्गोट एकोणीस वर्षांचा असताना स्वीडनहून आयडाहोत आला आणि क्लिअरवॉटर नदीच्या खोऱ्यात लाकूडतोडीच्या कामाला लागला. तिथले पांढरे पाईन बघून पोरगा खुळाच झाला. दीडशे-दीडशे फूट सरळसोट वर गेलेली झाडं, टोक बघायचं तर टोपी खाली पडायची. पण त्याच्या पाठोपाठ त्या जंगलात तांबेराही शिरला. समुद्रापलीकडून आणलेल्या रोपांवरून आलेला हा रोग. पाईनच्या सालीवर केशरी फोड येतात, फांदी वाळते, मग शेंडा वाळतो आणि चार-सहा वर्षांत झाड खलास. मात्र एका पाईनवरून तो थेट दुसऱ्या पाईनवर उडी मारू शकत नाही. मध्ये त्याला गूजबेरीच्या काटेरी झुडपाच्या पानांवर मुक्काम करावा लागतो.

झालं! सरकारने ठरवलं, जंगलातली झाडून सगळी गूजबेरी उपटायची. तोवर चाळिशीला आलेल्या आल्गोटने अकरा उन्हाळे तेच केलं. जंगलातून दोऱ्या ताणायच्या, दोन दोऱ्यांच्या मधल्या पट्टीत माणसांनी रांगेने वाकायचं आणि दिसेल ते झुडूप मुळासकट काढायचं. हात काट्यांनी फाटायचे, कंबर मोडायची, आणि पुढच्या वर्षी बघावं तर त्याच जागी झुडपं पुन्हा डुलत उभी. अकरा वर्षांनी वरच्या कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की याने काही होत नाही. मग नवा हुकूम आला: पाईन मरणारच आहेत, तर लाकूड चांगलं आहे तोवर सगळे तोडून मोकळे व्हा.

आल्गोट सरळ माणूस, नजर पक्की, उतारावर पाय घसरत नाही. म्हणून त्याच्या हातात निळ्या रंगाचा डबा आला. तोडायच्या झाडांना रंग लावायचा, मागून तोडणारे येतील. "कुठली लावू?" त्याने पहिल्या दिवशी मुकादम पर्डीला विचारलं होतं. पर्डी म्हणाला, "मांडीएवढा जाड असला की लाव. आज आजारी नसला तर उद्या पडेल. बघत काय बसायचंय?"

आणि आल्गोट खरंच बघत बसला नाही. सहा वर्षं त्याने पाईन दिसला की रंग लावला आणि पुढचा गाठला. दिवसाला दोनशे, कधी अडीचशे.

सत्तावन्न सालच्या जूनमध्ये असाच एका उतारावर रंग लावता लावता तो जेवायला बसला. पाईनचा मोहोर झडण्याचे दिवस होते, वारा सुटला की पिवळ्याधमक परागाचे लोट उठायचे. डोळ्यांत पराग, पावात पराग, रंगाच्या डब्यावरही परागाची साय धरलेली. निळ्यात पिवळं मिसळून रंग हिरवट पडत चाललेला, म्हणून आल्गोट वैतागला होता. ज्या झाडाला टेकून बसला होता त्यालाच आधी उरकून टाकू म्हणून उठला आणि साल पुसायला हात फिरवला. साल गुळगुळीत होती. त्याने मान वर केली. खालपासून शेंड्यापर्यंत एक फोड नाही, एक वाळकी फांदी नाही. आजूबाजूची दहा-बारा झाडं फोडांनी उललेली, दोन-तीन तर उभ्या उभ्या वाळून गेलेली, आणि हे मात्र गावच्या जत्रेला निघाल्यासारखं टवटवीत.

आल्गोटने त्या झाडाला रंग लावला नाही. का, ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं.

सप्टेंबरात तोडणारे आले. महिन्याभरात अख्खा उतार भुईसपाट झाला आणि मधोमध ते एकटं झाड राहिलं. ड्यूई स्ट्रँड, तोडणाऱ्यांतला सगळ्यांत वात्रट माणूस, करवत खांद्यावर टाकून आल्गोटपुढे उभा राहिला.

"काय रे म्हाताऱ्या, डोळे गेले का तुझे? एवढं मोठं धूड दिसलं नाही?"

"रंग संपला होता."

"रंग संपला होता म्हणे! लेका, लग्नबिग्न करायचंय का त्या झाडाशी? हुल्डाला आधी कळव हो, नाहीतर आमची करवत ती तुझ्यावर चालवेल."

सगळे खो खो हसले. पर्डी हसला नाही. लाकूड ओढायचा नवा रस्ता त्याला नेमका त्या जागेवरून काढायचा होता. पण ते झाड राहू द्या, असं आल्गोटने आयुष्यात पहिल्यांदाच कुणाकडे तरी काही मागितलं होतं, आणि त्याच सुमारास तासाभरावरच्या सरकारी रोपवाटिकेनेही निरोप पाठवला होता: रोगाच्या गराड्यात निरोगी उभा पाईन कुणाला दिसला तर कळवा. पर्डीने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बघू दे त्यांना. याच्या बियांची रोपं रोगात टिकली तर झाड राहील. नाही टिकली तर रस्ता."

पुढल्या वर्षी, अठ्ठावन्नच्या सप्टेंबरात, रोपवाटिकेतून व्हर्ना टटल आली. पंचविशीतली किरकोळ बाई, पण दोर लावून अशी सरसर शेंड्यावर गेली की ड्यूईचंसुद्धा तोंड बंद झालं. पोतंभर शंकू, म्हणजे पाईनची बी धरणारी फळं, काढून खाली आली आणि आल्गोटला म्हणाली, "यांचं बी पेरणार, रोपं दोन वर्षांची झाली की त्यांना दमट खोलीत कोंडणार आणि वरून तांबेरा लागलेली गूजबेरीची पानं पसरणार. बघू कोण टिकतं."

"गूजबेरीची? ती कुठून आणणार?"

"आम्हीच लावतो ना. कुंड्यांमध्ये."

"अहो, अकरा वर्षं मी ती उपटली!" आल्गोट म्हणाला. "आणि तुम्ही कुंड्यांमध्ये लावता?"

बाई इतकी हसली की पोतं हातातून निसटलं.

त्याला पाच वर्षं होत आली होती. आणि आता पत्र आलं होतं: मोजणी झाली आहे, गुरुवारी या.

"हे बघ," हुल्डाने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली, "तुला नक्की काय हवंय? ती रोपं जगलेली हवीत की मेलेली?"

आल्गोटने बशी बाजूला सारली. "मेली असतील तर झाड जाईल. आणि जगली असतील तर मी काय केलं गं सहा वर्षं? तसली किती झाडं असतील त्या डोंगरांवर? शंभर? पाचशे? मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. रोगाला जी मारता आली नसती ती मी मारली असतील, हुल्डा. रोगाने निदान निवडून तरी मारली."

हुल्डाने त्याचा शर्ट आणून दिला, स्वतःची टोपी चढवली आणि गाडीची किल्ली घेतली.

रोपवाटिकेत व्हर्ना दारातच उभी होती. तिने दोघांना थेट आत नेलं. लांबच लांब मांडणीवर ट्रे लावलेले होते, प्रत्येक ट्रेला झाडाचा नंबर. पहिल्या ट्रेत सगळी रोपं तपकिरी, कुडकुडीत वाळलेली. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात एक हिरवी काडी होती, तीही मान टाकलेली. आल्गोटने हुल्डाचा हात धरला. चारचौघांत असा हात त्याने लग्नानंतर धरला नव्हता.

"हे तुमचं," व्हर्ना म्हणाली.

तिथेही मेलेली रोपं होती. पुष्कळ होती. पण त्यांच्यामधून इथे एक, तिथे दोन, कोपऱ्यात पाच अशी हिरवीगार, ताठ मानेची रोपं उभी होती.

"एकशे वीसपैकी तेवीस," व्हर्ना म्हणाली.

"फक्त तेवीस?"

"फक्त काय म्हणता, मिस्टर नीबर्ग! आधीच्या ट्रेंमध्ये बघितलंत ना? तेवीस म्हणजे आमच्याकडे मेजवानीच झाली! काल संध्याकाळीच मी पर्डींना फोन केला. तुमच्या झाडाला आता कुणी हात लावायचा नाही. रस्ता वळसा घालून जाईल."

हुल्डाने "देवा!" म्हणून सुस्कारा टाकला. आल्गोटचाही जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. झाड वाचलं होतं, आणि दुसरं जे त्याला ऐकायचं नव्हतं तेही खरं ठरलं होतं.

"एकाच आईची लेकरं," तो हळूच म्हणाला, "मग सत्त्याण्णव का मेली?"

"तुम्हाला मुलं किती?"

"तीन."

"तिघांची नाकं सारखी आहेत?"

"छे! धाकट्यालाच माझं मिळालं, बिचाऱ्याला," आल्गोट म्हणाला. हुल्डाने जोराने मान डोलावली.

"तसंच आहे हे. आई स्वतःतलं अर्धंच देते, आणि प्रत्येकाला वेगळं अर्धं. उरलेलं अर्धं बापाकडून. कुणाच्या वाट्याला रोगाशी झुंजायचं बळ येतं, कुणाच्या येत नाही. ज्यांना आलं ती ही तेवीस. यांना वाढवायचं, यांचं बी धरायचं. त्यांच्या पोरांत टिकणारी जास्त निघतील, नातवंडांत आणखी. रोग जायचा नाही, पण जंगल बदलेल. मात्र त्यासाठी नाना तऱ्हेची झाडं उभी असावी लागतात. सगळी तोडल्यावर निवडायला काय उरणार?"

तिच्या मनात काहीच नव्हतं, पण आल्गोटच्या ते वर्मी लागलं. त्याने टोपी काढली आणि नुसती हातात फिरवत राहिला. मग विचारायचं म्हणून विचारलं, "आणि बाप कोण यांचा?"

"ते कसं सांगणार? वारा आणेल तो. पण बहुतेक पराग जवळपासचाच असतो. त्याच उतारावरची झाडं असणार."

"बाई, तुम्ही शंकू काढलेत तेव्हा त्या उतारावर झाडं कुठे होती? वर्ष झालं होतं तोडून. नुसते बुंधे होते."

"हो, पण पाईनचा शंकू पिकायला दोन उन्हाळे लागतात ना." व्हर्नाने ट्रेवरची चिठ्ठी उलटी केली. "काढले सप्टेंबर अठ्ठावन्नला. म्हणजे पराग पडला त्याच्या आदल्या वर्षीच्या जूनमध्ये. जून सत्तावन्न."

बाजूला एक लाकडी खोकं पालथं पडलं होतं, त्यावर आल्गोट बसला.

"जूनमध्ये," तो म्हणाला, "ती सगळी उभी होती. मी रंग लावत होतो तेव्हा."

"हो. त्यांनी देऊन ठेवलं होतं," व्हर्ना म्हणाली. "तुमच्या झाडाने ते वर्षभर सांभाळलं."

म्हातारा रडायला लागला. त्याने तोंड लपवलं नाही की कुणाकडे पाठ केली नाही. एकीकडे डोळे गळत होते आणि एकीकडे तो हसत होता. एका रोपाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "म्हणजे यातल्या एखाद्याचा बाप... ज्याच्यावर मी रंग..." व्हर्ना म्हणाली, "असेल की. तेवीस आहेत, तेवीस बापही असतील." सहा वर्षांतले सगळेच डोंगर काही त्या ट्रेत नव्हते, ते आल्गोटला कळत होतं. पण एक उतार होता. एक अख्खा उतार त्याच्यापुढे दोन-दोन वितींचा होऊन उभा होता, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्याला छातीभर श्वास घेता आला.

परत येताना गाडी हुल्डाच चालवत होती. नदीचं वळण गेल्यावर आल्गोट एकदम म्हणाला, "त्या जूनमधला माझा शर्ट आठवतो का गं तुला? करडा, चौकड्यांचा?"

"न आठवायला काय झालं! तीन पाण्यांतून काढला मेला. निळ्या रंगात ती पिवळी पूड कालवलेली, हिरवे डाग पडले ते पडलेच. किती शिव्या घातल्या होत्या मी तुला."

"कुठे आहे तो?"

"कुठे म्हणजे? फाडून फडकी केली. एक अजून चुलीपाशी आहे, भट्टीचं दार पुसायला घेते. का?"

"डाग आहे का त्याच्यावर?"

हुल्डाने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. मग पुन्हा रस्त्याकडे.

"आहे," ती म्हणाली. "घरी गेल्यावर काढून देते. आणि आता तरी पाव खाशील ना?"

"दोन दे," आल्गोट म्हणाला.